आधी प्रश्न, मग लेख, सर्च इंजिन शेवटी: एसईओ सांभाळून वाचनीय कसं लिहायचं

एसईओ म्हणजे सर्च इंजिनच्या निकालांत लेख वर दिसावा म्हणून केलेली खटपट. तिच्याबद्दल इंटरनेटवर लिहिणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाइप करतात ते शब्द) शीर्षकात घाला, पहिल्या परिच्छेदात घाला, दर शंभर शब्दांमागे एकदा तरी घाला. दुसरा म्हणतो, एसईओ वगैरे सोडा, मनापासून लिहा, वाचक आपोआप येतील. पहिला सल्ला पाळला तर लेख वाचवत नाही. दुसरा पाळला तर लेख चांगला असूनही कोणाला सापडत नाही. मग बरेच जण मधला मार्ग काढतात, प्रत्येक वाक्यात थोडं गूगलसाठी आणि थोडं माणसासाठी लिहितात. त्यातून जे तयार होतं ते ना धड इकडचं, ना धड तिकडचं.

माझ्या मते हा तोल वाक्यात साधतच नाही. तो कामाच्या क्रमात साधावा लागतो. सर्च इंजिनचा विचार लिहायला बसण्याआधी करायचा, लिहून झाल्यावर पुन्हा करायचा आणि प्रत्यक्ष लिहिताना त्याला खोलीबाहेर ठेवायचं. पुढे हाच क्रम टप्प्याटप्प्याने दिला आहे. सगळे टप्पे सारख्या वजनाचे नाहीत. काहींना दहा मिनिटं पुरतात, काहींवर अख्खा लेख तरतो किंवा बुडतो.

आधी थोडं यंत्राबद्दल

सुरुवातीची सर्च इंजिनं भोळी होती. पानावर एखादा शब्द किती वेळा आला यावर त्यांचा बराचसा हिशोब चालायचा, म्हणून लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचे. वाचकाला काही दिसत नसे, यंत्राला दिसे. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. तुमच्या पानाकडे कोण दुवा देतं आणि त्या दुवा देणाऱ्याची स्वतःची पत किती, यावरून पानाचं महत्त्व ठरवायचं. लगेच दुव्यांचा बाजार उभा राहिला.

तेव्हापासून हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या पांडा अपडेटने पोकळ आणि उचललेल्या मजकुराच्या साइट खाली ढकलल्या. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विनने विकतच्या दुव्यांवर आणि कोंबलेल्या कीवर्डवर बडगा उगारला. २०१३ च्या हमिंगबर्डपासून सुटे शब्द जुळवण्यापेक्षा अख्ख्या प्रश्नाचा अर्थ लावण्यावर भर आला, आणि २०१९ मध्ये बर्ट हे भाषा समजून घेणारं मॉडेल आल्यावर वाक्यातल्या बारक्या शब्दांनी बदलणारा अर्थही यंत्राला बराचसा कळू लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ नावाची वेगळी यंत्रणा आली आणि मार्च २०२४ मध्ये ती मुख्य रँकिंगमध्येच, म्हणजे निकालांचा क्रम ठरवणाऱ्या यंत्रणेतच, मिसळून टाकली.

या सगळ्यात दिशा एकच दिसते. वाचकाला काय उपयोगी पडलं असतं, याचा अंदाज यंत्र अधिकाधिक नीट बांधायला बघतंय. म्हणून यंत्राच्या आजच्या उणिवेवर बेतलेली युक्ती फार काळ टिकत नाही. यंत्र अजून वाचक झालेलं नाही, हेही खरं. पहिल्या पानावर आजही भरपूर रद्दी दिसते, आणि चांगलं लिहिलं म्हणजे वर येणारच अशी हमी कोणी देत असेल तर त्याचं ऐकू नका.

पहिला टप्पा: कीवर्ड नव्हे, प्रश्न शोधा

कीवर्ड रिसर्च या शब्दाने लेखक मंडळी दचकतात, पण तो नीट केला तर त्याच्याइतकं वाचकाभिमुख काम दुसरं नाही. लोक सर्चच्या चौकटीत जे टाइप करतात ते कोणासमोर बोलल्यासारखं नसतं. तिथे ते अडाणी प्रश्न विचारतात, घाबरून विचारतात, अर्धवट विचारतात. लेखकाला त्यांच्या मनात डोकावायची याहून सरळ जागा मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत चालवू. समजा, कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडतात, यावर लेख लिहायचा आहे. सर्चच्या चौकटीत ‘झाडाची पानं पिवळी’ इतकंच टाइप करून थांबा. खाली जे पर्याय सुचवले जातात ते वाचा. मग शोध पूर्ण करा आणि निकालांच्या मधे दिसणारे ‘लोक हेही विचारतात’ छापाचे प्रश्न आणि तळाशी दिलेले संबंधित शोध पाहा. झाडांची आवड असलेल्यांच्या चर्चांमध्ये लोक हीच तक्रार कोणत्या शब्दांत करतात तेही बघा. अर्ध्या तासात साधारण असे प्रश्न हाती लागतात: खालचीच पानं का पिवळी होतात? पाणी घालूनही पिवळी का? पिवळं पान कापायचं का? पुन्हा हिरवं होतं का?

शेवटचे दोन प्रश्न पाहा. लेखकाच्या डोक्यात ‘कारणे आणि उपाय’ असा आराखडा असतो, आणि वाचक मात्र हातात कात्री घेऊन उभा असतो. पान कापू की नको? हे टेबलावर बसून सुचत नाही. कीवर्ड रिसर्चचा खरा फायदा हा आहे.

आकड्यांबद्दल सावध राहा. वेगवेगळी साधनं महिन्याला किती शोध होतात ते दाखवतात, पण ते अंदाज असतात. एखाद्या शोधातला लोकांचा रस दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समधला ० ते १०० हा आकडा तर शोधांची संख्याच नव्हे. निवडलेल्या काळात ज्या क्षणी सर्वाधिक रस होता त्याला १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. शिवाय गूगलच्याच सांगण्यानुसार रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच झालेले नसतात. म्हणजे साधनात ‘शून्य’ दिसणारा प्रश्नही कोणीतरी विचारत असतं.

प्रश्न जमले की त्यामागचा हेतू ओळखा. संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार मांडले होते, ते अजूनही कामाला येतात: काहीतरी जाणून घ्यायचं आहे, एका ठराविक ठिकाणी पोचायचं आहे, किंवा काहीतरी करायचं, विकत घ्यायचं आहे. हेतू ओळखायची सोपी पद्धत म्हणजे तो शोध स्वतः करून पहिल्या पानावर काय प्रकारचा मजकूर आहे ते पाहणं. सगळीकडे दुकानाचीच पानं असतील तर तिथे तुमचा तीन हजार शब्दांचा लेख चालणार नाही. सगळीकडे छोटे व्हिडिओ असतील तर लोकांना पाहून शिकायचं आहे.

आणि एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: पहिल्या पानावरच्या आठ-दहा लेखांमध्ये काय नाही? बहुतेक वेळा ते एकमेकांना बघून लिहिलेले असतात आणि सगळ्यांत तेच मुद्दे त्याच क्रमाने येतात. तुमच्या लेखाची जागा त्यांनी सोडलेल्या फटीत आहे.

दुसरा टप्पा: लिहिण्याआधी दोन ओळी

ही दहा मिनिटांची गोष्ट आहे, आणि बहुतेक जण ती वगळतात. पहिली ओळ: कोण येणार आहे आणि वाचून झाल्यावर तो काय करू शकेल? आपल्या उदाहरणात ‘नवशिका माणूस, घाबरलेला; वाचून झाल्यावर पाणी थांबवायचं की खत द्यायचं हे पाच मिनिटांत ठरवू शकेल.’ दुसरी ओळ: या विषयात माझ्याकडे असं काय आहे जे वरच्या दहा लेखांत नाही? स्वतः करून पाहिलेली गोष्ट, स्वतः काढलेले फोटो, एखाद्या जाणकाराशी झालेलं बोलणं, नाहीतर निदान तीच माहिती जास्त उपयोगी क्रमाने मांडणं.

दुसरी ओळ कोरी राहिली तर लेख लिहू नका. हे कठोर वाटेल, पण कोऱ्या ओळीवर लिहिलेला लेख एसईओच्या दृष्टीनेही बिनकामाचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने मूल्यमापकांसाठीच्या, म्हणजे निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठीच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या तिघांच्या जोडीला ‘अनुभव’ ही कसोटी घातली. हे मूल्यमापक तुमच्या पानाचं रँकिंग हाताने वरखाली करत नाहीत. यंत्रणा ठीक चालली आहे का, हे तपासायला त्यांचं मत वापरलं जातं. त्यामुळे ‘अनुभवाचे गुण वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पण यंत्रणेला कुठे जायचं आहे, ते त्या सूचनांवरून कळतं.

तिसरा टप्पा: लिहिताना कीवर्ड मिटवून ठेवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे. प्रश्नांची यादी समोर ठेवा, कीवर्डची यादी बंद करा. एसईओ तपासणारं प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) हिरवा दिवा दाखवतं की लाल, हेही आत्ता बघू नका. तो दिवा गूगलचा नाही, ते प्लगइन बनवणाऱ्यांचा आहे.

पुढचा परिच्छेद वाचा. असे परिच्छेद रोज दिसतात:

‘कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडणे ही एक सामान्य समस्या आहे. तुमच्याही कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडत आहेत का? तर मित्रांनो, आजच्या या लेखात आपण कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडण्याची कारणे आणि कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडल्यास काय उपाय करावेत याविषयी सविस्तर माहिती जाणून घेणार आहोत.’

चार वेळा कीवर्ड आला, माहिती मात्र शून्य. वाचकाला त्याची पानं पिवळी पडली आहेत हे माहीत आहे, त्यासाठीच तो आला आहे. आता हे वाचा:

‘पानं पिवळी दिसली की हात आधी पाण्याकडे जातो, आणि पुष्कळदा जास्त पाण्यामुळेच ती पिवळी झालेली असतात. म्हणून आधी मातीत बोट दोन पेरं आत घालून बघा. माती ओली असेल तर पाणी थांबवा. मुळांना हवा मिळत नाहीये. माती ठीक असेल तर पिवळेपणा कुठे आहे ते पाहा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी पडत असण्याची शक्यता आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता असू शकते.’

यात ठरलेला कीवर्ड जसाच्या तसा एकदाही नाही. पण पानं, पिवळी, पाणी, माती, मुळं, खालची पानं, कोवळी पानं, शिरा, नायट्रोजन, लोह, म्हणजे या विषयावर जाणकार माणूस बोलला तर जे शब्द येतील ते सगळे आहेत. अर्थ लावणाऱ्या यंत्राला विषय कळायला एवढं पुरतं, आणि वाचकाला तर कुंडीपाशी जाऊन बोट घालायला पहिल्या परिच्छेदातच काम मिळालं.

यातून एक नियम निघतो: उत्तर आधी, पार्श्वभूमी नंतर. उत्तर लवकर दिलं तर वाचक निघून जाईल आणि पानावरचा वेळ कमी दिसेल, अशी भीती अनेकांना वाटते. जाऊ द्या की. चाळीस सेकंदांत ज्याचं काम झालं तो समाधानी वाचक आहे. आणि ज्याला ‘असं का होतं’ हे जाणून घ्यायचं आहे तो थांबतोच. जुनी पानं आधी का पिवळी होतात? कारण नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पानांकडे पाठवतं. लोह असं सहज हलत नाही, म्हणून त्याची टंचाई कोवळ्या पानांवर दिसते. हे सांगायला लेखाचा मधला भाग मोकळा आहे.

स्क्रीनवर लोक शब्दन् शब्द वाचत नाहीत, ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी. वेबसाइट वापरण्याच्या सवयींचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. म्हणून परिच्छेदाचं पहिलं वाक्य कामाचं असू द्या. मात्र याचा अर्थ प्रत्येक वाक्यानंतर एंटर मारायचा असा नाही. एकेका ओळीचे परिच्छेद आणि दर तिसरा शब्द ठळक, ही हल्लीची फॅशन डोळ्यांना जितकी त्रास देते तितकाच विचाराचा धागा तोडते.

दोन गैरसमज इथेच मोडून काढू. पहिला, कीवर्डची घनता. अमुक टक्के कीवर्ड हवा, असा कोणताही नियम गूगलने दिलेला नाही. दुसरा, लांबी. गूगलची मार्गदर्शिका स्वच्छ सांगते की शब्दसंख्येला त्यांची काही पसंती नाही. लांब लेख वर दिसतात ते बहुधा त्यांत जास्त प्रश्नांची उत्तरं असतात म्हणून. दोनशे शब्दांचं उत्तर दोन हजारांपर्यंत ताणलं म्हणून नव्हे.

मराठीत लिहिताना आणखी एक पेच येतो. शोधताना लोक ‘झाड पाने पिवळी’ असं तुटक टाइप करतात, कोणी ‘पानं’ लिहितं, कोणी ‘पान पिवळे’, तर कोणी रोमन लिपीत. हे सगळे प्रकार लेखात कोंबण्याचा मोह होतो, आणि ‘झाड पाने पिवळी उपाय’ अशी विभक्तीशिवायची हेडिंग्ज तयार होतात. तसं करू नका. बोलतो तसं सरळ वाक्य लिहिलं की ‘पान’, ‘पानं’, ‘पानांवर’, ‘पानाच्या’ अशी रूपं आपोआप येतात. शीर्षकात छापील रूप आणि मजकुरात बोलीतलं रूप ठेवलं तरी काही बिघडत नाही, फक्त मजकुरात मधेच एक आणि मधेच दुसरं असं करू नका.

चौथा टप्पा: हेडिंग्ज

पहिला खर्डा झाला की फक्त हेडिंग्ज एकाखाली एक वाचा. त्यावरून लेखात काय आहे आणि कुठे आहे ते कळलं पाहिजे. ‘प्रस्तावना’, ‘महत्त्व’, ‘फायदे’, ‘निष्कर्ष’ ही हेडिंग्ज जगातल्या कुठल्याही लेखाला लागू पडतात, म्हणजे ती काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी पहिल्या टप्प्यात मिळालेले प्रश्न इथे वापरा: ‘पिवळं पान पुन्हा हिरवं होतं का?’ आणि त्याखाली पहिल्याच वाक्यात उत्तर: ‘पूर्ण पिवळं झालेलं पान बहुधा पुन्हा हिरवं होत नाही, लोहाची टंचाई लवकर भरून निघाली तर फिकटलेली पानं मात्र सुधारू शकतात.’ निकालांच्या वर चौकटीत जो उतारा दाखवला जातो तो बऱ्याचदा अशा नेमक्या उत्तरांतूनच उचललेला असतो. म्हणजे इथे यंत्र आणि वाचक यांना एकच गोष्ट हवी आहे.

सगळीच हेडिंग्ज प्रश्नार्थक मात्र करू नका. चौकशी केल्यासारखं वाटतं.

पाचवा टप्पा: शेवटचा अर्धा तास यंत्राचा

लेख वाचण्याजोगा झाला. आता सर्च इंजिनला खोलीत घ्या.

शीर्षकापासून सुरुवात करा. तीन नमुने पाहा. ‘पिवळ्या पानांची गोष्ट’ हे गोड आहे, पण शोधणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. ‘पाने पिवळी पडतात? जाणून घ्या १५ जबरदस्त उपाय, तिसरा वाचून थक्क व्हाल’ यावर क्लिक मिळेल, विश्वास मिळणार नाही. ‘कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडतायत? आधी माती तपासा, मग खत’ यात लोक शोधतात ते शब्दही आहेत आणि लेखाची बाजूही आहे. महत्त्वाचे शब्द आधी ठेवा, कारण जागा संपली की उरलेलं शीर्षक निकालांत कापलं जातं, आणि फोनवर ते आणखी लवकर कापलं जातं. शीर्षक फार लांब किंवा मजकुराशी विसंगत असेल तर गूगल स्वतःच ते बदलून हेडिंगमधला किंवा पानावरचा दुसरा मजकूर दाखवतं.

इथे एक सोय आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. सर्चच्या निकालात दिसणारं शीर्षक आणि लेखाच्या माथ्यावरचं शीर्षक वेगळं असू शकतं. लेख प्रसिद्ध करायच्या बहुतेक प्रणालींत त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. बाहेर सरळ, शोधता येईल असं शीर्षक द्या, आत तुमच्या आवडीचं. दोघांत विषय मात्र तोच हवा.

मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे सर्च इंजिनसाठी दिलेलं पानाचं छोटं वर्णन. त्यामुळे रँकिंग वाढत नाही. पण निकालात शीर्षकाखाली कधीकधी तेच दिसतं आणि क्लिक करायचं की नाही ते त्यावरून ठरतं. दोन वाक्यं लिहा, जाहिरात न करता लेखात काय मिळेल ते सांगा. गूगल ते वापरेलच असं नाही, शोधानुसार पानातलं दुसरं वाक्यही उचलतं. ‘मेटा कीवर्ड’ नावाचा रकाना दिसला तर रिकामा सोडा. वेब रँकिंगसाठी आपण तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

पानाचा पत्ता, म्हणजे स्लग, छोटा ठेवा. देवनागरी स्लग चालतो, पण तो कॉपी करून कुठे चिकटवला की पुष्कळदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, त्यामुळे त्या माळेत त्याची नऊ चिन्हं होतात. पत्ता वाचून कळावा असं वाटत असेल तर रोमन लिपीतला तीन-चार शब्दांचा स्लग सोयीचा पडतो. रँकिंगसाठी यात जीव अडकवू नका.

फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, द्या. तो मुळात ज्यांना चित्र दिसत नाही अशा वाचकांसाठी आहे. त्यांचा स्क्रीन रीडर तो मजकूर वाचून दाखवतो. ‘शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असलेलं कोवळं पान’ हा चांगला ऑल्ट टेक्स्ट. ‘पाने पिवळी कारणे उपाय मराठी माहिती’ हा कानाला जाच. इथे डोळे मिटून ऐकणाऱ्याचा विचार केला की सर्च इंजिनचं काम आपोआप होतं.

दुव्यांचं तेच. ‘इथे क्लिक करा’ ऐवजी ‘कुंडीतल्या मातीचा निचरा कसा सुधारायचा’ या शब्दांवर दुवा द्या. आपल्या दुसऱ्या लेखांकडे दुवे द्या, आणि माहिती जिथून घेतली त्या चांगल्या स्रोताकडेही. वाचक बाहेर जाईल म्हणून स्रोत लपवणाऱ्या लेखावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पान उघडण्याचा वेग हे लेखकाचं काम नाही असं म्हणून सोडू नका. गूगलच्या निकषांत मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि पान उघडताना मजकूर जागचा किती सरकतो याचा गुणांक ०.१ च्या आत असावा, असं धरलं आहे. तुमच्या हातात एवढं नक्की आहे: फोटो टाकण्याआधी लहान करा आणि उगाच दहा गोष्टी पानात जोडू नका. मोबाइलवर येणाऱ्याच्या तोंडावर अख्खं पान झाकणारी खिडकी तर अजिबात उघडू नका. जानेवारी २०१७ पासून अशा पानांना गूगलही खाली ढकलू शकतं, आणि वाचक तर त्याआधीपासूनच वैतागलेला आहे.

सहावा टप्पा: जिथे खरंच भांडण होतं

इथवर दोघांचं हित बरंचसं जुळलं. नेहमी जुळत नाही.

कधी संपादक किंवा ग्राहक सांगतो, ‘हा शब्द दहा वेळा आलाच पाहिजे.’ वाद घालण्यापेक्षा शीर्षकात एकदा, सुरुवातीला एकदा, एका हेडिंगमध्ये एकदा असा तो नैसर्गिकपणे बसवून दाखवा आणि उरलेल्या जागी त्याच अर्थाचे शब्द कुठे आलेत ते दाखवा. परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला की समोरचा पुष्कळदा स्वतःच ऐकतो.

कधी लोक चुकीच्या गोष्टीवर शोधत असतात. ‘पिवळी पाने एका रात्रीत हिरवी’ हा शोध मोठा असेल, पण तसं होत नाही. तिथे त्या शब्दांचा वापर करून ‘असं होत नाही, आणि का होत नाही’ हे सांगणारा लेख लिहा. खोटं आश्वासन देऊन गर्दी जमवणं हा मधला मार्ग नव्हे.

आणि काही लेख सर्चसाठी नसतातच. मत मांडणारा लेख, आठवण, विनोदी लेख यांना कोणी शोधत येत नाही. ते ओळखीतून, शेअर होऊन, नियमित वाचकांकडून वाचले जातात. त्यांना कीवर्डचं जोखड लावू नका. वर्षभरात काय लिहायचं हे ठरवतानाच काही लेख शोधणाऱ्यांसाठी आणि काही तुमच्या वाचकांसाठी असे वेगळे काढा. माझ्या मते अर्धी ओढाताण तिथेच संपते.

एआयचा विषय टाळून चालणार नाही. मे २०२४ पासून गूगलने निकालांच्या वर एआयने तयार केलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली, आधी अमेरिकेत आणि मग इतरत्र. ‘अमुक म्हणजे काय’ छापाच्या लेखांचे क्लिक त्यामुळे आटतात, हे उघड आहे. जे चार ओळींत मावतं ते यंत्र चार ओळींत देऊन टाकेल. ज्यात निवड करावी लागते, स्वतः पाहावं लागतं, फोटो काढावे लागतात, ते तुमच्याकडे राहील. एआयने लिहून घेणं स्वतःहून गुन्हा नाही, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं. मात्र रँकिंगसाठी घाऊक प्रमाणात निरुपयोगी मजकूर ओतणं, मग तो कोणीही लिहिलेला असो, मार्च २०२४ पासून स्पॅमच्या धोरणात बसतं.

सातवा टप्पा: प्रसिद्ध केल्यानंतर

लेख टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी रँक बघू नका, काही आठवडे जाऊ द्या. मग सर्च कन्सोल, म्हणजे साइटच्या मालकांसाठीचं गूगलचं साधन, उघडा. ते फुकट आहे आणि त्यात १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते. एकेक लेख निवडून तो कोणत्या शोधांना दिसला ते वाचा. आकड्यांपेक्षा ती शोधांची यादी मोलाची, कारण पहिल्या टप्प्यात तुम्ही जे अंदाजाने केलं त्याचा पडताळा तिथे मिळतो.

लेख पुष्कळदा दिसतो, पण क्लिक होत नाही? सरासरी स्थान बघा. तो विसाव्या क्रमांकावर असेल तर क्लिक न मिळणं साहजिक आहे. पहिल्या पाचांत असूनही क्लिक नसेल, तर शीर्षक लोकांच्या प्रश्नाशी बोलत नाहीये, किंवा उत्तर वरच मिळतंय. क्लिक होतात, पण लोक लगेच परततात? सुरुवातीचा परिच्छेद पुन्हा वाचा, उत्तर खाली दडलं असेल. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलेलंच नाही त्यासाठी लेख दिसत असेल, तर ती आयती संधी आहे. ‘पिवळं पान कापायचं का’ यासाठी लेख दिसतोय आणि लेखात ते नाही? एक परिच्छेद लिहा. विषय मोठा असेल तर वेगळा लेख लिहून दुवा द्या.

लेख सुधारलात तरच तारीख बदला. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख पुढे सरकवणं वाचकाला फसवणं आहे, आणि गूगलही त्याला मदत मानत नाही.

वर्षाकाठी एकदा जुन्या लेखांची यादी काढा. एकाच प्रश्नावर दोन-तीन लेख झालेले सापडतील आणि सर्च कन्सोलमध्ये ते एकाच शोधासाठी आलटूनपालटून दिसतील. त्यातला सगळ्यात चांगला ठेवा, बाकीच्यांतलं कामाचं त्यात आणा आणि जुन्या पत्त्यांवरून त्याच्याकडे ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्याकडे नेणारी सोय) लावा. मग आपल्याच इतर लेखांतले जुने दुवे शोधून ते थेट नव्या पत्त्याकडे वळवा. रीडायरेक्ट किमान वर्षभर काढू नका, जमलं तर कधीच काढू नका. कोणीतरी तो जुना पत्ता जपून ठेवलेला असतो.